फुगा राहिलाय

१

स्टिकरसाठी काळं चकचकीत व्हिनाईल निवडणाऱ्या माणसाला ते एकदा तरी स्वतःच्या हाताने चिकटवायला लावलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. लाल द्या, पिवळं द्या, चित्रांनी गजबजलेलं काहीही द्या, त्यात चार चुका खपून जातात. काळ्यात धुळीचा एक कण राहिला तरी गालावर चामखीळ आल्यासारखा दिसतो. आणि या गेम हॉलच्या लोकांनी मशीनच्या बाजूला लावायला काय निवडलं होतं, तर खाली कोपऱ्यात एक तांबडी रेसची गाडी आणि वर पार माझ्या डोक्याच्याही वरपर्यंत नुसती काळी रात्र. चांदण्यासुद्धा नाहीत. चांदण्या असत्या तर निदान फुगे त्यांच्यात लपवता आले असते.

फुगा म्हणजे स्टिकरखाली अडकलेली हवा. आमच्या धंद्यात शिव्या खायच्या असतील तर त्या यापायीच. आम्ही मोठे स्टिकर लावतो: दुकानांच्या काचांवर, गाड्यांवर आणि हल्ली या गेमच्या मशीनवर. मशीन म्हणजे कपाटाएवढं लाकडी खोकं, पुढे पडदा आणि बटणं, दोन्ही बाजूंना उंच फळ्या. फळी पुसायची, स्टिकर मधोमध कागदी टेपने अडकवायचा, अर्ध्या भागाचा पाठचा कागद सोलायचा आणि फेल्ट लावलेल्या पट्टीने मधून कडेकडे हवा ढकलत न्यायची. हवेला बाहेर जायची वाट ठेवायची. बस, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं ना? या एकदा करून बघायला.

हे सगळं मला बाबांनी शिकवलं. पट्टी घरी राहिली तर खिशातला कंगवा रुमालात गुंडाळून काम भागवणारा माणूस. काम झालं की मान तिरकी करून उजेडात बघायचे आणि म्हणायचे, "फुगा राहिला म्हणजे काम राहिलं." त्यांच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती. खोड मात्र एक होती. स्टिकर टेकवायच्या आधी ते फळीवर वाकून फुंकर मारायचे. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण उडतात आणि नेमका तिथेच फुगा धरतो, हे मला त्यांनीच बजावलेलं, आणि स्वतः मात्र जन्मभर फुंकत राहिले. "जित्याची खोड," असं वहिनी म्हणते आणि तिथेच थांबते. सासऱ्यांच्या बाबतीत पुढचं बोलणं बरं दिसत नाही.

गुडघे दुखायला लागल्यापासून दादाने त्यांना घरी बसवलंय. म्हणजे दादाला तसं वाटतं. त्या दिवशी मी दोन्ही हात वर करून सोललेला स्टिकर तोलत उभी होते, नाकावर घामाचा थेंब आणि पुसायला हात नाही, अशा वेळी मागून ओळखीची चप्पल वाजली. बसने आले होते, घरी न सांगता. काही बोलायच्या आत ते माझ्या हाताखालून वाकले आणि फळीवर फू केलं.

"बाबा!"

"कण होता."

"कुठे होता कण?"

"आता कसा दिसेल? उडवला ना मी."

हात भरून आले होते, भांडायला वेळ नव्हता. मी स्टिकर टेकवला आणि पट्टी फिरवली. सगळं कसं सुतासारखं सरळ बसलं. फक्त काळ्याच्या मधोमध, माझ्या छातीच्या उंचीवर, बशीएवढा एक फुगा राहिला.

२

"बघा आता," मी म्हणाले.

"बघतोय. चांगला टपोरा आलाय." एवढं बोलून बाबा बसायला खुर्ची शोधत निघून गेले.

मी पट्टी टेकवली आणि फुग्याला कडेकडे न्यायला लागले. तो निघाला. कड वीतभर राहिली तसा थांबला आणि पट्टीच्या एका बाजूने निसटून मागे आला. मी वरून ढकललं. खालून ढकललं. दोन पट्ट्या घेऊन दोन्हीकडून कोंडलं. प्रत्येक वेळी तो हुलकावणी देऊन पुन्हा आपल्या जागी येऊन बसायचा, जसं काही मी त्याला झोपेतून उठवत होते. मी काही नवशिकी नाही. अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतली तर अजिबात नाही. पण त्या दिवशी मी अंगणाला यथेच्छ शिव्या घातल्या: रंग ओला असताना फळी दिली असणार, सुताराने घासली नसणार, व्हिनाईलचा रोल जुना असणार.

तेवढ्यात हॉलचा मॅनेजर आला. या माणसाला आम्ही सगळे 'आत्ताच' म्हणतो, कारण त्याला सगळं आत्ताच हवं असतं.

"हे काय आहे?" त्याने बोट पुढे केलं.

"हात नका लावू. बसेल उद्यापर्यंत."

"शुक्रवारी उद्घाटन आहे, मॅडम. उद्या नको, आत्ताच काढा."

"आत्ता काढला तर व्हिनाईल ताणलं जाईल. मग अख्खं बदला." हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की माझे खांदे भरून आले होते आणि मला घरी जायचं होतं.

परतताना बसमध्ये बाबा गप्प होते. एरवी माझ्या कामातल्या चुका ऐकत ऐकतच आमचा रस्ता सरतो. दमले असतील म्हणून मीही त्यांना छेडलं नाही.

सकाळी वहिनी चहाचा कप हातात घेऊन हसत बाहेर आली. "वन्सं, काल कुठली जादू केलीत हो? बाबा रात्रभर घोरले नाहीत."

आमच्या घरात कोण कुठे झोपणार हे बाबांच्या घोरण्यावर ठरतं. दादा कानात कापूस घालतो, मी स्वयंपाकघरात अंथरूण टाकते. त्या सकाळी सगळ्यांची झोप पुरी झाली होती. दादाने विनोद केला, वहिनी गाणं गुणगुणत होती, आणि मीसुद्धा म्हणाले, चला, एकदाचं काहीतरी मनासारखं झालं. हे सांगताना मला आमच्या त्या खुशीचा राग येतो.

३

फुगा जागेवर होता. मी पिशवी खाली ठेवली आणि कुठून सुरुवात करावी हे ठरवत त्याच्याकडे बघत राहिले. तेव्हा लक्षात आलं की तो लहानमोठा होतोय. अगदी थोडासा. फुगायचा, जरा थांबायचा, बसायचा. काळ्यात वरच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ पडली होती. ती वाकायची, सरळ व्हायची आणि पुन्हा वाकायची.

या मशीनच्या आत गार ठेवणारा पंखा असतो. मला हायसं वाटलं. मागे वायरमन आडवा पडून काहीतरी करत होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. "जरा हे मशीन बंद करता का?" मी म्हणाले.

"चालूच कुठे आहे, ताई? याला वायरच जोडली नाही अजून."

मग एसी असेल. मी जाऊन हॉलचा एसी बंद केला. काउंटरवरून आत्ताच ओरडला, त्याला ओरडू दिलं. हॉल तापला, माझा कुडता पाठीला चिकटला. ट्यूबलाइटची रेघ वाकतच होती.

मग माझं डोकं फिरलं. एखादं मूल मुद्दाम खोड्या करतं तेव्हा जसं होतं, तसं. हीट गनने व्हिनाईल मऊ केलं, पट्टी आडवी धरली आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबलं. फुगा सपाट झाला. मी दाबून धरलं, थंड होईपर्यंत सोडायचं नाही असं ठरवून. पट्टीखालून कोणीतरी परत ढकलत होतं. आधी सावकाश, मग घाईघाईने.

खिशात फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. शेवटी मी चरफडत पट्टी सोडली.

"वन्सं, बाबांना एकदम धाप लागली हो!" वहिनीचा आवाज चिरकत होता. "तोंड निळं पडलं, डोळे पांढरे... थांबा. थांबा हं. आता उठून बसले. पाणी मागतायत."

मी फळीकडे बघितलं. फुगा वर आला होता आणि भराभर हलत होता. मग हळूहळू त्याची लय संथ झाली.

योगायोग, मी मनाशी म्हटलं. जेवल्या जेवल्या आडवं व्हायची बाबांची सवय, त्यात त्यांचं वय. धाप लागली तर नवल काय? मी पट्टी पिशवीत टाकली. त्या दिवशी पुन्हा त्या मशीनला मात्र हात लावला नाही.

४

आमच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी बाबांच्या पाठीला नळी लावली आणि म्हणाल्या, "मोठा श्वास घ्या."

बाबांनी खांदे वर उचलले, तोंड उघडलं, सगळं रीतसर केलं. बाईंनी नळी सरकवली. पुन्हा सरकवली. नळीच्या चकतीवर नखाने टिचकी मारली. मग एकाएकी ती माझ्या पाठीला लावून ऐकलं, मान हलवली आणि परत बाबांच्या पाठीला लावली.

"काहीतरी बिघडलंय हिचं," त्या म्हणाल्या, पण नळीकडे न बघता बाबांकडे बघत. "छातीचा फोटो काढून घ्या. लगेच."

"मला काही झालेलं नाही," बाबा म्हणाले. "उलट हल्ली हलकं वाटतं. ही पोरगी उगाच सगळ्यांना पळवते."

बाहेरच्या बाकावर मी चिठ्ठी घेऊन बसले होते आणि ते शेजारी चष्मा पुसत होते. काचेवर हा करायचं आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी हा केलं. काच होती तशीच स्वच्छ राहिली. त्यांनी ती पुसली, उजेडात धरली, समाधान झालं नाही म्हणून तोंडाजवळ नेऊन पुन्हा हा केलं. काचेवर काहीही उमटलं नाही. ते कोरडी काच पुसत राहिले.

"बाबा, अजून एकदा करा."

"काय?"

"काही नाही."

फोटो काढायला ते आले नाहीत. मी विनवलं, दादाने आवाज चढवला. पालथ्या घड्यावर पाणी.

५

फुगा हटत नसेल तर शेवटचा उपाय म्हणजे सुई. बारीक भोक पाडायचं, हवा सोडायची आणि अंगठा फिरवायचा. भोक कोणाला दिसत नाही. हे मी शेकडो वेळा केलंय, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मांजर आडवं आलं तर मी मांजराला आधी जाऊ देते, एवढाच काय तो आमचा संबंध.

तरी सुई हातात घेतल्यावर मी घरी फोन लावला.

"वहिनी, बाबा काय करतायत?"

"पेपर वाचतायत आणि तुमच्या नावाने खडे फोडतायत. का हो?"

"त्यांच्याजवळ जाऊन बसा. फोन चालू ठेवा."

"झालंय काय?"

"बसा हो जरा!"

फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि फुग्याच्या टोकाला सुई टेकवली. बारीक टक् झालं. अंगठ्यावर हवेची धार आली. ती कोमट होती. आणि तिला पेपरमिंटच्या गोळीचा वास होता, बाबा दिवसभर गालात धरून ठेवतात त्या गोळीचा.

फोनमध्ये कागद फडफडून खाली पडला. "बाबा!" वहिनी किंचाळली. "अहो बाबा! बाबा, इकडे बघा!"

मी भोकावर अंगठा दाबला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पलीकडून खोकला ऐकू आला आणि बाबांचा वैतागलेला आवाज. "काय झालं एवढं कोकलायला? पेपर पाडलास माझा."

मी तशीच उभी. अंगठ्याचं कातडं आत ओढलं जायचं, मग बाहेर ढकललं जायचं. आत, बाहेर. मला त्यातलं काहीही पटत नव्हतं. पण अंगठा काढवत नव्हता.

"गेला का एकदाचा?" आत्ताच मागे येऊन उभा राहिला होता.

"नाही."

"मग अंगठ्याने काय दाबून धरलंय?"

"चिकटपट्टी आणा."

"आधी मला सांगा, उद्घाटनाच्या दिवशी मी लोकांना काय..."

"अहो, चिकटपट्टी आणा! आत्ताच!"

तो पळत गेला. त्या सगळ्या दिवसांत मला आनंद झाला असेल तर तो तेवढाच.

६

ती फळी तिथे ठेवणं शक्य नव्हतं. फुगा दिसला की तो दाबल्याशिवाय माणसाला राहवत नाही. लहान मुलांना नाहीच, मोठ्यांनाही नाही. मी पाठ वळवली की आत्ताच गाडीची किल्ली काढून टोचणार, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. फळी वाकलीय, मी दुसरी करून देते, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. त्याने मला पुन्हा काम न देण्याची धमकी दिली. नका देऊ म्हटलं. सुताराने स्क्रू काढले, दादा टेम्पो घेऊन आला.

मी मागे फळीजवळ बसले, एक हात तिच्या मागे, एक हात फुग्यासमोर आडवा. खड्डा आला की मी फळी कडेने घट्ट आवळायचे.

"फळीला काय मिठी मारून बसलीस?" दादाने पुढून विचारलं. "सोन्याची आहे का?"

"तू समोर बघून चालव."

त्याला सांगावंसं फार वाटत होतं. पण सांगणार काय? आपल्या बाबांचा श्वास माझ्या स्टिकरखाली अडकलाय, गाडी सावकाश घे? दादा हसला असता. आणि बाबांना सांगणं त्याहून वाईट. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी सगळ्यात आधी फुगा दाबून बघितला असता, खरंच काही होतं का ते.

आतल्या खोलीत व्हिनाईलचे रोल असतात. त्यांच्या शेजारी मी फळी उभी केली, फुगा कशाला टेकणार नाही अशी, आणि वरून चादर सोडली. घरातल्या सगळ्या पट्ट्या, कटर, सुया गोळा केल्या. लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

"काय आणलंस?" बाबांनी खुर्चीतून विचारलं.

"टाकाऊ फळी. काम बिघडलं."

"कोणी बिघडवलं?"

"मीच."

"वाटलंच," ते म्हणाले आणि पेपर वर धरला.

७

"वन्सं," वहिनीने दुपारी मला स्वयंपाकघरात गाठलं. "आतल्या खोलीची खिडकी बंद आहे ना?"

"आहे."

"पंखा?"

"बंद."

"मग ती चादर कशाने हलते?"

मी तिचा हात धरून तिला बाहेरच्या खोलीत नेलं. बाबा खुर्चीत झोपले होते, मान एका खांद्यावर, चष्मा नाकाच्या टोकावर, पेपर पोटावर. त्यांच्या मागच्या उघड्या दारातून आतली चादर दिसत होती. ती हलकेच पुढे यायची, थांबायची, मागे जायची.

मी बाबांच्या पोटावरच्या पेपरकडे बघितलं. पेपर हलत नव्हता. छातीवर सदऱ्याची एक बटणपट्टी सुटी होती, तीही नाही. मी गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या नाकाखाली तळहात धरला. धरूनच ठेवला. हाताला काही लागलं नाही. त्यांचा चेहरा मात्र चांगला होता, गालांवर रंग होता, पापणी मधूनच फडफडत होती. माझ्या बाबांना मी एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि रडण्याचाही राग आला.

त्यांनी डोळे उघडले. "काय गं? मेलोय का बघतेस?"

आवाज नेहमीचा होता, भरदार आणि तक्रारखोर. आणि प्रत्येक शब्दाबरोबर आतल्या खोलीत, चादरीमागे, ताणलेलं व्हिनाईल तटतट वाजलं.

वहिनीने माझा दंड इतका घट्ट पकडला की पुढे त्यावर वळ उठले. "काही नाही, बाबा," ती म्हणाली. "चहा टाकू का, म्हणून विचारायला आलो."

"टाक की. त्यासाठी एवढी तोंडं कशाला पाडायची?" तट, तट, तट.

आम्ही दोघींनी ठरवलं की दोघींपैकी एक जण कायम घरात असेल. बाबा बरे होते. जेवत होते, भांडत होते, शब्दकोडं सोडवत होते. आता ती फळी जन्मभर सांभाळायची असेल तर सांभाळू. लोक देव्हारे सांभाळतात, मोठाले हौद ठेवून मासे सांभाळतात. एक फळी काय जड आहे, असं मी स्वतःला समजावत होते. संध्याकाळी मी चादरीशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि ती पुढे आली, मागे गेली, की मला झोप यायची.

८

उद्घाटन एका बाजूने उघड्या मशीननेच झालं. त्यानंतर आत्ताचने माझा पिच्छा पुरवला. सकाळी फोन, दुपारी फोन, दादाला फोन. मी नवी फळी करायला घेतली नव्हती, कारण त्यासाठी पेटी उघडावी लागली असती आणि पट्ट्या बाहेर काढाव्या लागल्या असत्या. बाबांच्या नजरेला पट्टी पडायला नको होती.

त्या दुपारी वहिनी वाण्याकडे गेली होती. बाबा पेन्सिल चावत शब्दकोडं सोडवत होते. मी स्वयंपाकघरात ओट्याशी, आणि फोनवर तो.

"मॅडम, आतल्या वायरी दिसतायत. पोरं त्यात हात घालतायत. मला फळी आत्ताच..."

"होईल."

"होईल होईल किती दिवस? फळी तुमच्या घरात आहे ना? मग आहे तशी आणून लावा. आत्ताच!"

"ऐका जरा."

"नाही, तुम्ही ऐका. एवढं काय सोनं लागलंय तिला?"

मी वैतागले. खरं सांगते, माझ्या सगळ्या आयुष्यात मी वैतागण्याशिवाय फारसं काही केलेलं नाही, पण तेव्हाइतकी कधी वैतागले नव्हते. "अहो, फुगा राहिलाय तिच्यावर!" मी ओरडले. "फुगा राहिलाय! तशीच आणून लावू का?"

माझा आवाज घरभर गेला. पलीकडे आत्ताच बडबडत राहिला. बाहेरच्या खोलीत पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची करकरली.

मला कळायला हवं होतं. पण मी त्याला उत्तर देण्यात गुंतले होते, दोन चांगली वाक्यं जिभेवर आली होती आणि ती सोडवत नव्हती. ती बोलून झाल्यावर ऐकू आलं ते चादर घसरून खाली पडल्याचं. आणि बाबांचा आवाज, कीव करणारा.

"वर चिकटपट्टी मारलीस होय गं? अरे देवा. आणि कड चारही बाजूंनी दाबून टाकलीस. मग हवा जाईल कुठून?"

मग घासल्याचा आवाज आला. लांब, सावकाश, एका दमात. पट्ट्या सगळ्या पेटीत होत्या आणि किल्ली माझ्या गळ्यात. कंगवा मात्र त्यांच्या खिशातच होता.

मी धावले. दारातून दिसलं ते असं: बाबा वाकलेले, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेला कंगवा. फळीची कड त्यांनी नखाने एवढीशी उचलून ठेवली होती. आणि माझ्या प्रत्येक पट्टीला हुलकावणी देणारा तो फुगा त्यांच्या कंगव्यापुढे गुमान चालत होता, कडेकडे.

"बाबा, थांबा! सोडा ते!"

"गप. मध्येच सोडलं तर सुरकुती पडेल."

मी त्यांचा हात धरायला पुढे झाले. हात धरला तर कंगवा घसरेल, घसरला तर फुगा तसाच बाहेर पडेल. धरावा की नाही, एवढाच विचार मी केला. तोवर कंगवा कडेला पोचला होता.

"जोर नाही लावायचा," ते सांगत होते. त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. "वाट करून द्यायची. मग ती आपली आपण जाते."

खोलीत पेपरमिंटचा वास आला आणि गेला. बाबांनी नखाने उचललेली कड अंगठ्याने दाबून बसवली, पाठ सरळ केली आणि मान तिरकी करून उजेडात बघितलं. त्यांचा चेहरा उजळला. एवढे खूश मी त्यांना कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

"बघ," ते म्हणाले. "याला म्हणतात..."

पुढचा शब्द आला नाही. त्यासाठी त्यांनी तोंड उघडं ठेवलं होतं, कंगवा अजून वर धरलेला होता, आणि ते माझ्याकडे जरा चिडून बघत होते, कामात मागितलेली वस्तू मी वेळेवर हातात दिली नाही की बघतात तसे. मग भिंतीला पाठ लावून ते हळूहळू खाली बसले. मी त्यांना धरलं. फोन ओट्यावर राहिला होता आणि त्यातून आत्ताच, आत्ताच, असं काहीतरी अजून ऐकू येत होतं.

वहिनी येईपर्यंत मी तशीच बसून होते. समोर फळी उभी होती. काळ्यात अख्खी खोली सरळ दिसत होती: खिडकी, स्टूल, बाबांचे पाय, मी. मी मान तिरकी करून उजेडात बघितलं. फुगा कुठेच नव्हता.